गरोदरपणातलं बी१२ आणि मुलांची बुद्धी: आढाव्याच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१६ जून २०२५, सोमवार

आज आढाव्याचा, म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या नियमांनी शोधून तपासण्याच्या कामाचा, प्रश्न कागदावर उतरला. तो डोक्यात आला मात्र मुळशीकडच्या आरोग्य केंद्रात, गेल्या महिन्याच्या गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी. दुसऱ्यांदा गरोदर असलेली एक बाई विचारत होती, "मॅडम, पहिल्या वेळी मी गोळ्या अर्धवटच घेतल्या. पोरगं शाळेत मागं पडतंय ते त्यामुळंच का?" मी तिला "तसं काही नसतं" म्हणाले आणि घरी येईपर्यंत ते वाक्य टोचत राहिलं, कारण ते मी कशाच्याही आधारावर बोलले नव्हते.

तिला मिळालेली गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाप्रमाणे गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, १८० दिवस. त्यात बी१२ हे जीवनसत्त्व नाही. बी१२ येतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून, आणि तिच्या घरी दूध डेअरीला जातं.

प्रश्न असा ठरवला: भारतातल्या ज्या आयांच्या रक्तातलं बी१२ गरोदरपणात मोजलं किंवा ज्यांना ते पूरक म्हणून दिलं, त्यांच्या मुलांची बौद्धिक वाढ प्रमाणित चाचणीवर कशी दिसते? आमच्या पीएसएम, म्हणजे सामुदायिक आरोग्यशास्त्र विभागात याला 'पिको' पाडणं म्हणतात: कोण, काय दिलं, कशाशी तुलना, काय मोजलं. चारही खाने भरल्याशिवाय शोधाला हात लावायचा नाही, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलंय.

१८ जून, बुधवार

आधी कुणी केलंय का ते पाहिलं. केलंय.

२०१७ मध्ये रोग्ने आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यासांतल्या एकेका बाईची माहिती एकत्र करून जन्मवजन आणि अकाली प्रसूती तपासली. एकूण ११,२१६ नोंदी. आणि २०२१ मध्ये खुद्द पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन गटातून आईचं बी१२, गरोदरपणाचे परिणाम आणि बाळाचं आरोग्य यांवर पद्धतशीर आढावा आला आहे, भारताच्या धोरणासाठी काय ते सांगणारा. रास्ता पेठ आमच्या कॉलेजपासून रिक्षाने वीस मिनिटं! पोटात गोळा आला.

संध्याकाळी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "छान. म्हणजे तुला आता पाया घालायचा नाही, एक मजला चढवायचाय." रोग्नेंच्या आढाव्यात बुद्धीचा विषयच नाही. २०२१ च्या आढाव्यात तो अनेक विषयांपैकी एक आहे, आणि त्यानंतर चार वर्षं गेली आहेत. तेव्हा आम्ही फक्त बौद्धिक वाढीवर थांबायचं, भारतापुरतं, आणि आजपर्यंतचं घ्यायचं. प्रश्न लहान झाला याचं वाईट वाटलं नाही. मोठा प्रश्न घेऊन अर्ध्यात सोडलेले आढावे मी पाहिले आहेत.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज शहरात. रस्ते बंद, कॉलेजला जायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर घरी बसून शब्दांची यादी केली.

बी१२ या एका गोष्टीला लोक किती प्रकारे लिहितात! कुणी बी आणि १२ मध्ये जागा सोडतं, कुणी आडवी रेघ देतं (जर्नल ऑफ न्यूट्रिशनची तीच पद्धत), कुणी जोडून लिहितं, कुणी कोबालमिन म्हणतं. गोळ्या देणारे अभ्यास सायनोकोबालमिन किंवा मिथाइलकोबालमिन लिहितात, रक्तातल्या खुणांवरून बी१२ चा अंदाज घेणारे होलोट्रान्सकोबालमिन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन भांडाराचा मेश नावाचा विषय-शब्दकोश आहे, त्यात अधिकृत मथळा बी आणि १२ मध्ये जागा सोडूनच आहे. नुसतं 'बी१२' टाकलं, तर एचआयव्हीवरच्या संशोधनाचा ढीग येतो, कारण त्या विषाणूविरुद्धच्या एका प्रसिद्ध प्रतिपिंडाचं नावही बी१२ आहे. अर्धा तास त्यात गेला.

मेश मथळ्यावर पूर्ण विसंबता येत नाही. नव्या लेखांना मथळे लागायला वेळ जातो आणि पबमेडमधल्या काही लेखांना ते कधीच लागत नाहीत. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी मथळाही आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्दही, मधे 'किंवा'. कल्पनांच्या मधे 'आणि'. सांगायला सोपं आहे, पण कंस एका जागी चुकला की सगळा शोध दुसरीकडेच जातो.

'भारत' ही चाळणी लावताना फसले. शीर्षकात 'इंडिया' शोधत होते, तर 'साउथ इंडियन चिल्ड्रेन' असं शीर्षक असलेला, मला आधीपासून माहीत असलेला लेख आलाच नाही. यंत्राला 'इंडियन' हा वेगळा शब्द आहे. पुढे तारका लावायला हवी होती, म्हणजे शब्दाची सगळी रूपं येतात. तो लेख ओळखीचा होता म्हणून चूक कळली. यापुढे ओळखीच्या दहा लेखांची यादी शेजारी ठेवायची आणि शोध बदलला की दहाही येतात का ते पाहायचं.

२७ जून, शुक्रवार

शोधाचा मसुदा ग्रंथालयातल्या काकांना दाखवला. शोध चालवण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तो तपासावा, अशी रीतच आहे, त्यासाठी 'प्रेस' नावाची तपासयादीही आहे. आमच्याकडे फार थोडे जण ती वापरतात. ग्रंथपालांकडे लोक पुस्तक परत करायला जातात, शोध तपासून घ्यायला जात नाहीत, आणि हे नुकसान आपलंच आहे.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली आणि पहिला प्रश्न केला, "मॅडम, यात पूना कुठाय?" मी गावांच्या नावांत पुणे घातलं होतं. शहराचं इंग्रजी स्पेलिंग अधिकृतपणे बदललं १९७८ मध्ये, आणि त्याआधीचे लेख 'पूना' म्हणूनच नोंदलेले आहेत. तसंच बॉम्बे-मुंबई, मद्रास-चेन्नई, कलकत्ता-कोलकाता. बंगळुरू आणि म्हैसूरची नवी रूपं तर २०१४ पासूनची, म्हणजे तिथले महत्त्वाचे अभ्यास बहुतेक बँगलोर आणि मायसोर या नावांखाली. मी पुण्यात जन्मले, वाढले, आणि हे मला सुचलं नाही.

दुसरी सूचनाही त्यांचीच: फक्त पबमेडवर थांबू नका. एम्बेस हे तसलंच दुसरं भांडार आमच्याकडे नाही, ते पैशाचं काम आहे. पण कोक्रेन लायब्ररीतली चाचण्यांची (म्हणजे काहीतरी देऊन परिणाम पाहणाऱ्या प्रयोगांची) नोंदवही, आग्नेय आशियाचा इंडेक्स मेडिकस, प्रबंधांसाठी शोधगंगा आणि भारतातल्या चाचण्यांची नोंदणी, म्हणजे सीटीआरआय, हे सगळं हाताशी आहे. सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणीची नोंदणी सक्तीची झाली. नोंदली गेली पण छापून आली नाही, अशी चाचणी शोधायची जागा तीच.

दुपारी एक इंटर्न उत्साहाने दहा संदर्भांची यादी घेऊन आला. एका चॅटबॉटकडून काढलेली. लेखकांची नावं खरी, नियतकालिकं खरी, वर्षं पटण्यासारखी. एकेक डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडत गेलो, तर चार लेख अस्तित्वातच नव्हते, आणि एका डीओआयवर मूत्रपिंडावरचा भलताच लेख निघाला. पोराचा चेहरा उतरला. त्याला रागावले नाही, शेजारी बसवून खरा शोध कसा बांधतात ते दाखवलं. पण हे मनापासून लिहून ठेवते: जो लेख मी स्वतः उघडून पाहिला नाही, तो माझ्या यादीत जाणार नाही.

३ जुलै, गुरुवार

आराखडा यॉर्क विद्यापीठाच्या प्रॉस्पेरो नोंदवहीत भरला, आढाव्यांचे बेत आधीच जाहीर करायची ती जागा. एकदा तिथे लिहिलं की निकाल पाहून नियम बदलायची सोय राहत नाही. बदललेच, तर कारण जाहीर लिहावं लागतं.

११ जुलै, शुक्रवार

अंतिम शोध चालवला. तारीख, वेळ, कोणत्या भांडारात कोणती ओळ जशीच्या तशी चालवली, किती नोंदी आल्या, सगळं एका फाइलमध्ये. मागच्या आठवड्यात चाचणी म्हणून काढलेल्या नोंदींवर तारीखच टाकली नव्हती, त्या सगळ्या फेकून आज नव्याने काढल्या. आढावा कसा मांडावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० यादीच्या २७ कलमांत पूर्ण शोध जसाच्या तसा द्यावा लागतो, आठवणीतून लिहून चालत नाही.

नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, दुहेरी काढल्या. यंत्राने बऱ्याच पकडल्या. पण लेखकाचं आद्याक्षर एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असल्या जोड्या डोळ्यांनीच काढाव्या लागल्या. मागे घेतलेल्या लेखांवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, तीही पाहिली. मग सगळं रय्यान या चाळणीच्या ऑनलाइन साधनात चढवलं, म्हणजे मी आणि बालरोग विभागातली मैत्रीण एकमेकींचं मत न पाहता चाळणी करू शकू.

२२ जुलै, मंगळवार

पहिल्या १०० शीर्षकांची चाळणी सराव म्हणून दोघींनी वेगवेगळी केली. १२ वर दोघींचा होकार, ७८ वर दोघींचा नकार, १० वर मतभेद. मैत्रीण खूश, "नव्वद टक्के जुळलं की गं!" मग कप्पा नावाचा जुळणीचा आकडा काढला. मी एकूण १६ ना हो म्हटलं होतं, तिने १८ ना. इतके हो आणि नाही नुसते अंदाजपंचे वाटले असते, तरी सुमारे ७२ टक्के जुळलंच असतं, कारण बहुतेक शीर्षकं उघडच नकाराची असतात. त्या ७२ च्या वर आम्ही किती चढलो ते कप्पा सांगतो. आला ०.६५. वाईट नाही, पण नव्वद टक्क्यांचा जो आनंद झाला होता तेवढा हक्काचा नव्हता.

दहा मतभेद बसून उलगडले, तेव्हा त्यांतले सहा एकाच कारणाचे निघाले. दिल्लीत लहान मुलांनाच बी१२ देऊन त्यांची वाढ मोजणारी २०१५ ची चाचणी आहे. शीर्षकात बी१२ आहे, बौद्धिक वाढ आहे, उत्तर भारतीय मुलं आहेत. मैत्रिणीने असल्या लेखांना हो म्हटलं, मी नाही, कारण आमचा प्रश्न आईच्या पोटात असतानाच्या बी१२ चा आहे. चूक तिची नव्हती, आमच्या नियमात 'आईला' हा शब्द ठळक नव्हता. तो घातला.

दुसरा एक लेख काढताना जीव तुटला. पुणे परिसरातल्याच ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा, २००६ चा. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी१२ कमी होतं. आपल्या भागाचं इतकं स्पष्ट चित्र, पण पुरुषांचं आहे, आढाव्यात बसत नाही. प्रास्ताविकात येईल.

४ ऑगस्ट, सोमवार

पूर्ण लेख मिळवायचा आठवडा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारीपासून सुरू आहे, ३० प्रकाशक आणि १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज खाजगी, तेव्हा आम्ही बाहेर. संशोधन करणारं माणूस कुठल्या इमारतीत बसतं यावर त्याला काय वाचायला मिळावं हे ठरतं, हे मला पटत नाही.

तरी बरंच निघालं. पबमेड सेंट्रलमध्ये काही फुकट होते, काही नियतकालिकं मुळातच खुली आहेत, उरलेल्यांसाठी लेखकांना पत्रं लिहिली. एका ज्येष्ठ संशोधकांनी त्याच संध्याकाळी लेख पाठवला, वर दोन ओळी, "चाचणीची पद्धत पुरवणीत आहे, तीही वाचा."

एका कॉलेजच्या ग्रंथालयातला पदव्युत्तर प्रबंध मात्र मिळाला नाही. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलाकडे पाठवलं. न मिळालेल्या लेखांच्या रकान्यात त्याची नोंद कारणासकट केली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आजची नोंद मोठी होणार.

प्रास्ताविकाचा मसुदा मैत्रिणीला वाचायला दिला होता. त्यात माझं वाक्य होतं: पुणे परिसरातल्या तीन अभ्यासांत मिळून २,१२८ आई-बाळांची माहिती उपलब्ध आहे. २००१ च्या लेखात ७९७ गरोदर बायका, त्यांच्या आहारावरचा. २००३ च्या लेखात ६३१ बाळं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या ३३८ बाळांशी तुलना केलेली, 'बारीक पण चरबीदार' भारतीय बाळाची कल्पना मांडणारा. २००८ च्या लेखात ७०० माता, बी१२, फॉलेट (फॉलिक अॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) आणि सहा वर्षांच्या मुलांमधला इन्सुलिन प्रतिरोध. बेरीज बरोबर होती.

तिने पेन्सिलीने तिन्ही लेखांत एकच शब्दजोडी अधोरेखित करून आणली: सहा गावं.

तीन अभ्यास नव्हतेच. एकच होता. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी, १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक, कॅरोलिन फॉल, शोभा राव आणि सहकारी. पहिला लेखक वेगळा, संस्थांचा क्रम वेगळा (एकीत आघारकर संस्था आधी, दुसरीत केईएम), नियतकालिकं वेगळी, आणि चाळणी वेगळी म्हणून आकडा वेगळा: कुठे आहार सांगणाऱ्या सगळ्या, कुठे पूर्ण दिवसांची बाळंच, कुठे पुढे पाठपुरावा झालेली. मी एकाच बाईला तीनदा मोजलं होतं.

ही चूक केवळ प्रास्ताविकातली म्हणून सोडता येणार नाही. आकडे एकत्र करताना तीच झाली असती, तर एका बाईला तीन मतं मिळाली असती. विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरं उत्तर ज्या टप्प्यात असेल असं आपण म्हणतो तो टप्पा, कारण नसताना अरुंद झाली असती, पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम दिसला असता, आणि वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. आढावे कसे करावेत यावरच्या कोक्रेनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की आढाव्याचं एकक अभ्यास आहे, लेख नव्हे. मी ते वाक्य एमडीच्या परीक्षेत लिहिलेलं आहे.

संध्याकाळपासून नवी तक्ता-फाइल केली. प्रत्येक लेखापुढे: गाव किंवा रुग्णालय, नोंदणीची वर्षं, चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक, मुलाचं वय, शेवटचा लेखक. हे सगळं जुळलं की लेख एकाच अभ्यासाखाली बांधायचे.

बांधायला घेतल्यावर चित्र पालटलं. बुद्धीवरचा पुण्याचा २००८ चा लेख, फूड अँड न्यूट्रिशन बुलेटिनमधला, त्याच सहा गावांच्या मुलांचा, नऊ वर्षांच्या. गरोदरपणात ज्यांचं बी१२ सगळ्यांत कमी होतं अशा आयांची ४९ मुलं आणि सगळ्यांत जास्त असलेल्यांची ५९. लक्ष टिकवण्याच्या चाचणीत आणि आकडे उलट्या क्रमाने सांगण्यात पहिला गट मागे. ही दोन टोकांची तुलना आहे, मधल्या आयांची मुलं त्यात नाहीत, म्हणून फरक जास्त ठळक दिसण्याची शक्यता धरूनच वाचायला हवा.

आणि 'प्रिया' चाचणी! २०१२ मध्ये सुरू झालेली. तिच्यातले किशोरवयीन म्हणजे त्याच सहा गावांत तेव्हा जन्मलेली बाळं. त्यांना लग्नाआधीपासून रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी१२, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं आणि दूध पावडर, काहींना नुसती रिकामी गोळी. त्यांतल्या मुलींना झालेल्या बाळांची बेली चाचणी, म्हणजे लहान मुलांची वाढ मोजणारी प्रमाणित चाचणी, २०२१ च्या लेखात आहे. नुसतं बी१२ घेतलेल्या गटातल्या बाळांचं आकलन आणि भाषा रिकाम्या गोळीच्या गटापेक्षा सरस. बाळं थोडी आहेत, आणि सगळी पोषकं दिलेल्या गटात तसा स्पष्ट फरक नाही, हे विसरून चालणार नाही.

हे वेगळे अभ्यास म्हणून मोजायचे, कारण बाळं वेगळी आहेत. पण घरं तीच आहेत. आजी, आई, नात. तक्त्यात 'नातं' असा एक रकाना वाढवला. कुठल्याही मार्गदर्शिकेत तो नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. घरी डेकोरेशन, इथे एककं.

काही लेख बी१२ पिकोमोलमध्ये देतात, काही पिकोग्रॅममध्ये. प्रति मिलिलिटर पिकोग्रॅमला ०.७३८ ने गुणलं की प्रति लिटर पिकोमोल येतात. म्हणजे आपल्या लॅबच्या रिपोर्टवर २०० ची जी रेषा असते ती साधारण १४८, आणि संशोधन लेखांतली १५० ची रेषा म्हणजे साधारण २०३. रेषा जवळजवळ एकच, आकडा वेगळा. एका लेखाच्या तक्त्यात एकक चुकून दुसरंच छापलंय असं वाटतं, कारण छापलेलं एकक खरं धरलं तर सगळ्या आया ठणठणीत निघतात. लेखकांना विचारलंय.

शिवाय गरोदरपणात रक्त पातळ होतं आणि बी१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनांचं प्रमाणही बदलतं, त्यामुळे पातळी आपोआप उतरते. १८ व्या आठवड्याचा आकडा आणि २८ व्या आठवड्याचा आकडा एका ओळीत बसवता येणार नाही. आठवड्याचा रकाना सक्तीचा केला.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, विभागात सगळ्यांचे घसे बसलेले. दर्जा तपासायला घेतला. समूह अभ्यासांसाठी, म्हणजे लोकांचा एक गट पुढे पाहत जाणाऱ्या अभ्यासांसाठी, न्यूकॅसल-ओटावा मोजपट्टी, जास्तीत जास्त ९ तारे. चाचण्यांसाठी कोक्रेनचं साधन.

बंगळुरूची चाचणी: ३६६ गरोदर बायका, रोज ५० मायक्रोग्रॅम बी१२ किंवा रिकामी गोळी. २०१४ चा लेख आईच्या, दुधातल्या आणि बाळाच्या बी१२ वर. २०१७ चा नऊ महिन्यांच्या बाळांवर, त्यात दोन गटांत फरक नाही. २०१९ चा तीस महिन्यांच्या मुलांवर, त्यात बोलण्याची भाषा बी१२ गटात सरस. तीन लेख, चाचणी एक. १२ ऑगस्टच्या आधी मी यातलेही दोन वेगळे धरले असते, एक नकाराचा आणि एक होकाराचा, आणि वर 'परस्परविरोधी निष्कर्ष' असं लिहून मोकळी झाले असते. ती तर तीच मुलं आहेत, फक्त वाढलेली. नऊ महिन्यांच्या बाळाची बोलण्याची भाषा मोजायची तरी किती? मात्र सगळ्या ३६६ जणींची मुलं वाढीच्या चाचणीपर्यंत पोहोचली नाहीत. कोण गळलं, कोणत्या गटातलं, हे पाहूनच निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका ठरवला.

म्हैसूरचा २०१० चा लेख वेगळं सांगतो. नऊ-दहा वर्षांची ५३६ मुलं. आईचं फॉलेट जास्त, तर मुलांचे गुण जास्त. बी१२ शी सातत्याने संबंध नाही. हा लेख पुण्याच्या विरोधात जातो म्हणून मी तो दोनदा वाचला, आणि नंतर लक्षात आलं की पुण्याचा एकदाच वाचला होता. पुण्याचाही परत वाचला. आता दोघींनी माहिती वेगवेगळी भरायची आणि मग जुळवायची, चाळणीसारखीच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जुळवणी संपली. सरांनी तक्ता पाहिला. 'नातं' हा रकाना त्यांनी ठेवायला सांगितला, प्रॉस्पेरोत बदल म्हणून कारणासकट नोंदवायच्या अटीवर. ती नोंद आज दुपारी केली. सगळे आकडे एकत्र करून एक अंक काढायचा नाही, असंही ठरलं. बुद्धीच्या चाचण्या वेगळ्या, वयं वेगळी, मात्रा २ पासून ५० मायक्रोग्रॅमपर्यंत. वर्णनच लिहायचं, अभ्यासागणिक.

एककाचा घोळ असलेल्या लेखाच्या लेखकांचं उत्तर आलं: छपाईची चूक, मूळ तक्ता सोबत जोडलाय. ती ओळ दुरुस्त केली, मैत्रिणीने तपासून सही केली.

पुढच्या मंगळवारी मुळशीला तपासणीचा दिवस आहे. ती बाई तेव्हा आठव्या महिन्यात असेल. तिला सांगायचं ते एका कागदावर मराठीत लिहून ठेवलंय: पोरगं मागं पडण्याचा दोष त्या अर्धवट गोळ्यांवर टाकता येत नाही, त्या गोळ्यांत बी१२ नव्हतंच, आणि दूध डेअरीला घालण्याआधी एक पेला स्वतःसाठी बाजूला काढ.

शोध पुन्हा चालवायची तारीख १५ डिसेंबर. काकांना कॅलेंडरवर लिहायला सांगितलं.